दहा एप्रिलचे पंजाबराव

एप्रिल लागला की आमच्या जुन्या शहराचा रंग बदलतो. गल्लोगल्ली निळ्या पताका लागतात, मंडपाचे बांबू येऊन पडतात, वर्गणीच्या पावत्या फाटतात, लेझीमची तालीम सुरू होते. ११ तारखेला महात्मा फुले, १४ तारखेला बाबासाहेब. या दोन जयंत्यांच्या अगदी तोंडावर १० एप्रिल येते आणि निघून जाते. तिची आठवण फारशी कोणी काढत नाही. १९६५ साली त्याच दिवशी डॉ. पंजाबराव देशमुख यांचे दिल्लीत निधन झाले.

पंजाबराव म्हटले की अकोल्याच्या पोरांना आठवते ते कृषी विद्यापीठ. फार तर शिवाजी शिक्षण संस्था आणि त्या संस्थेची कॉलेजे. पुतळा आहे, पदवी आहे, शिक्षणमहर्षी म्हणून भाषणात नाव घ्यायची पद्धत आहे. आपल्या चळवळीतले कार्यकर्तेही त्यांना त्यांच्या समाजाचे नेते म्हणून बाजूला ठेवतात. आम्हाला वाटते, यात आपलेच नुकसान आहे. कारण शाळेच्या प्रश्नावर आज तरुणांना जे करायचे आहे, त्यातला बराचसा भाग या माणसाने शंभर वर्षांपूर्वी, आपल्याच मुलखात, एका जिल्ह्यापुरता करून दाखवला होता. तो भाग संस्थाचालक पंजाबरावांचा नाही. तो जिल्हा कौन्सिलच्या पंजाबरावांचा आहे, आणि तो फारसा कोणी सांगत नाही.

त्यांचा जन्म २७ डिसेंबर १८९८ चा, अमरावती जिल्ह्यातल्या पापळ गावचा. वडील शामराव, आई राधाबाई. घर शेतकऱ्याचे, घराण्याचे मूळ आडनाव कदम, देशमुखी वतनामुळे देशमुख. मराठा समाजातला मुलगा, म्हणजे गावात मान होता, पण शाळा नव्हती. होती ती खालच्या दोन-चार इयत्तांची. पुढच्या इयत्तेसाठी चांदूर रेल्वे, तिथून कारंजा लाड, मग अमरावतीचे हिंद हायस्कूल, आणि पुढे पुण्याचे फर्ग्युसन कॉलेज. प्रत्येक टप्प्याला गाव बदलले, राहण्याची जागा बदलली. हा तपशील बारीक वाटेल, पण पुढचे सगळे काम यातून निघाले असे आमचे मत आहे. देशमुखाच्या पोराला शिकण्यासाठी एवढे हिंडावे लागत असेल, तर ज्याला परगावात कोणी ओसरीवरही झोपू देणार नाही, त्या महारवाड्यातल्या पोराने कुठे जायचे?

१९२० साली ते विलायतेला निघाले. पैसा नव्हता, वडिलांनी शेत गहाण टाकले. एडिंबरोला एम.ए., मग बॅरिस्टरी, आणि ऑक्सफर्डला डॉक्टरेट. विषय होता वैदिक वाङ्मयातील धर्माचा उगम आणि विकास. तो प्रबंध १९३३ साली ऑक्सफर्डच्या छापखान्यातून पुस्तकरूपाने निघाला. ज्या वेदांच्या अधिकारावरून फुल्यांपासून सगळी भांडणे झाली, ते वेद एका शेतकऱ्याच्या पोराने विलायतेत बसून अभ्यासले आणि धर्म ही काळानुसार घडत जाणारी गोष्ट आहे, या नजरेने मांडले. ज्याला धर्माचा इतिहास असतो हे कळले, त्याला धर्माच्या नावावरचा विटाळ सनातन वाटत नाही.

१९२६ साली ते परतले आणि अमरावतीत वकिली सुरू केली. पुढचे दोन-अडीच वर्षांचे पान आपल्या इतिहासात जाड अक्षरांत लिहायला हवे.

अमरावतीच्या अंबादेवी मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून १९२७ साली वऱ्हाडातल्या आपल्या माणसांनी मागणी लावून धरली होती. देवस्थानाच्या पंचांत दादासाहेब खापर्डे यांच्यासारखे मातब्बर लोक होते. पंजाबराव या मागणीच्या बाजूने उघडपणे उभे राहिले. १३ नोव्हेंबर १९२७ ला अमरावतीच्या इंद्रभुवन थिएटरात वऱ्हाडातील अस्पृश्यांची परिषद भरली, अध्यक्ष होते बाबासाहेब. महाडच्या तळ्याचे पाणी चाखून आठ महिने झाले होते, मनुस्मृती जाळायला दीड महिना बाकी होता. परिषद चालू असतानाच बाबासाहेबांचे वडीलबंधू बाळाराम यांच्या निधनाची बातमी आली. तशा दुःखातही परिषदेचे काम पार पडले. देवस्थानाला विचार करायला अवधी द्यावा म्हणून सत्याग्रह पुढे ढकलला गेला.

मंदिराचा प्रश्न पुढे कुठल्या वाटेने गेला हे आपल्याला ठाऊक आहे. काळारामाच्या दारात पाच वर्षे घालवल्यावर बाबासाहेबांनी ती वाट सोडली आणि येवल्याला धर्मांतराची घोषणा केली. पंजाबरावांनी ती वाट धरली नाही. ते अखेरपर्यंत हिंदू समाजातच राहिले. म्हणून त्यांचे १९२७-२८ चे काम आपल्या खात्यात जमा होत नाही. पण त्या वर्षांत मंदिराच्या पायरीपलीकडेही काही घडत होते.

त्याच सुमारास त्यांनी अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय काढले. सगळ्या जातींची मुले एका छपराखाली राहतील, एका पंगतीत जेवतील असे वसतिगृह. आज यात काही विशेष वाटणार नाही. त्या काळी वसतिगृहे जातीवार निघत होती. मराठ्यांचे वेगळे, माळ्यांचे वेगळे, अस्पृश्यांचे वेगळे. ती निघाली म्हणून तरी पोरे शिकली, त्यांना नावे ठेवायचे कारण नाही. शाहू महाराजांनी कोल्हापुरात अशीच जातवार बोर्डिंगे काढली आणि बाबासाहेबांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापुरात आपल्या मुलांसाठी वसतिगृह चालवले. पण सरमिसळ वसतिगृह चालवायचे म्हणजे स्वयंपाकघरापासून भांडण. स्वयंपाकी कोण, पाणी कोणी भरायचे, आपला मुलगा त्यांच्या शेजारी बसतो हे गावाकडच्या बापाला कोण सांगणार? पैसे दिले की इमारत उभी राहते. पंगत उभी राहायला माणसांशी बोलत बसावे लागते, आणि पंजाबरावांनी ते काम पत्करले.

१९२७ च्या अखेरीस त्यांनी विमलाबाई वैद्य यांच्याशी लग्न केले. त्या मुंबईच्या, सोनार समाजातल्या. ऑक्सफर्डचा डॉक्टर, देशमुख घराणे. हुंड्याला आणि स्थळांना काय कमी होती? जातीबाहेरचे लग्न करून ते नातेवाइकांचे बोलणे खात राहिले. विमलाबाई लग्नानंतर शिकल्या, पदवीधर झाल्या, कायद्याची परीक्षा दिली. वसतिगृहातल्या मुलांचे घर त्यांनीच सांभाळले. चरित्रांत त्यांच्या वाट्याला एखादा परिच्छेद येतो, आणि आम्हीही इथे त्याहून फार जास्त लिहू शकलो नाही, हे कबूल करतो.

१९२८ साली पंजाबराव अमरावती जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले.

जिल्हा कौन्सिल म्हणजे आजच्या जिल्हा परिषदेचे पूर्वरूप. गावोगावच्या प्राथमिक शाळा, सार्वजनिक विहिरी, कच्चे रस्ते, दवाखाने तिच्याकडे. सदस्य निवडून यायचे, पण मत होते ते कर भरणाऱ्यालाच. म्हणजे सभागृहात पाटील, देशमुख, सावकार, वकील. महारवाड्यातून निवडून येणारा औषधालाही सापडणे कठीण. अध्यक्षाला हुकूम काढून मोकळे होता येत नव्हते. ठराव मांडायचा, बहुमत जमवायचे, मग तो गावातल्या पाटलाकडून राबवून घ्यायचा. या सभागृहाकडून पंजाबरावांनी तीन गोष्टी करून घेतल्या. कौन्सिलच्या सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या केल्या. प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याचा आग्रह धरून शाळांचा विस्तार केला. आणि त्यासाठी शिक्षणाचा कर वाढवला.

या तीन गोष्टी सुट्या सुट्या वाचल्या तर तीन चांगली कामे वाटतात. एकत्र वाचल्या की व्यवस्था दिसते. शाळा उघडली पण पाणी मिळाले नाही तर आपले पोर दुपारी घरी येते आणि परत जात नाही. वर्गाबाहेर पायरीवर बसलेल्या, तहानलेल्या मुलाची गोष्ट आपल्याकडे घराघरांत आहे, बाबासाहेबांच्या साताऱ्याच्या शाळेपासून. विहीर उघडली पण शाळा नसली तर तहान भागते, पोर ढोरांमागेच जाते. दोन्ही उघडले पण शिक्षकाचा पगार कुठून यायचा हे ठरले नाही, तर ठराव दफ्तरात राहतो. आणि कर वाढवला पण सक्ती केली नाही, तर पैसा सगळ्यांचा आणि शिकणार ती आधीपासून शिकत असलेली घरे.

शेवटचा मुद्दा फुल्यांचा आहे. १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन देताना जोतीरावांनी नेमके हेच दाखवले होते, की सरकारी महसूल शेतकऱ्याच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणाकडे वळतो. निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, ही त्यांची मागणी होती. मार्च १९२७ मध्ये बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदे मंडळात हिशेब मांडून सांगितले, की दारूच्या अबकारीतून जनतेकडून जेवढे घेता तेवढे तरी तिच्या शिक्षणावर खर्च करा. दोघांनी बोट ठेवले ते तिजोरीवर. सयाजीराव गायकवाडांनी १९०६ मध्ये बडोद्यात आणि शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापुरात सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण आणले, ते तिजोरी हातात होती म्हणून. ते राजे होते. पंजाबराव राजे नव्हते. कर वाढवायचा तो ज्यांच्या मतांवर खुर्ची टिकायची त्यांच्यावरच, आणि त्या पैशात ज्यांना मतच नाही त्यांच्या मुलांना वाटा द्यायचा. तरीही १९३० साली ते मध्यप्रांत-वऱ्हाडच्या कायदे मंडळावर निवडून गेले. कर वाढवला की माणूस निवडणुकीत पडतो, हे आपल्याला दररोज ऐकवले जाते. अमरावतीच्या शेतकऱ्याने तसे केले नाही.

सगळी गावे एका ठरावाने सुधारली असे कोणी समजू नये. ठरावाने विहीर उघडते, पण पहिली घागर बुडवणाऱ्या बाईला ठराव वाचवत नाही. मुंबई इलाख्यात बोले यांचा ठराव १९२३ चा. तरी महाडला चार वर्षांनी मोर्चा न्यावाच लागला. वऱ्हाडातही कायद्याच्या मागे आपली माणसे हिमतीने उभी राहिली म्हणून विहिरी उघडल्या. त्यांची नावे कौन्सिलच्या कागदावर नाहीत. पंजाबरावांचे श्रेय एवढेच, की सत्तेतला माणूस त्या बाईच्या विरुद्ध बाजूला नव्हता. तेवढे असणे त्या काळात किती दुर्मिळ होते, हे आपल्या आज्या सांगत.

१९३० ते १९३३ ते प्रांताचे मंत्री होते. शिक्षण, शेती, सहकार अशी खाती. त्या वेळची राज्यघटना द्विदल होती. शिक्षण लोकनियुक्त मंत्र्याकडे, पण पैशाचे खाते गव्हर्नरच्या हाताखालच्या राखीव बाजूला. खाते तुमचे, तिजोरी त्यांची. त्यात जगभर मंदी आली, कापसाचा भाव कोसळला, वऱ्हाडचा शेतकरी सावकाराच्या दारात गेला. अशा वेळी वाढीव कराची भाषा चालणार नव्हती. मग त्यांची नजर वळली देवस्थानांकडे. १९३२ मध्ये त्यांनी हिंदू देवस्थानांच्या संपत्तीविषयीचे विधेयक मांडले. मठ-मंदिरांकडे साचलेल्या पैशावर लोकांचे नियंत्रण असावे आणि तो लोकांच्या उपयोगी पडावा, हा त्यामागचा विचार. पाच वर्षांपूर्वी ज्या मंदिराचे दार उघडत नव्हते, त्या मंदिरांची आता पेटी उघडायची होती. यावर किती काहूर माजले असेल याची कल्पना वाचकांनी करावी. आजही कोणी असे विधेयक मांडून पाहावे!

मंत्रिपद गेले, आणि इथून पंजाबरावांची वाट थोडी बदलते. १९३२ साली अमरावतीत श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी राहिली. शेतकऱ्यांच्या वर्गणीवर तिच्या शाळा निघाल्या. १९४६ ला अमरावतीचे शिवाजी कॉलेज, १९५४ ला आमच्या अकोल्याचे. खेड्यातल्या बहुजन मुलांच्या दोन-तीन पिढ्या या शाळांतून बाहेर पडल्या. आमच्या वस्तीतले पहिले कारकून, पहिले मास्तर, पहिल्या नर्सबाई यांतले कितीतरी जण अशाच ग्रामीण संस्थांच्या बाकांवर बसलेले आहेत. हे ऋण नाकारण्यात अर्थ नाही. गाडगेबाबांसारखा माणूस गावोगाव कीर्तनात पोरांना शाळेत घाला म्हणून सांगत फिरत होता, म्हणून या शाळांना पोरे मिळाली. बाबा अमरावती जिल्ह्याचेच. त्यांनी आपली पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा १९४९ साली बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला दिली. एकाचा झाडू, एकाची वर्गणी, एकाची संस्था, एकाचा कायदा. त्या काळात हे एकमेकांत मिसळत होते. कोण कोणाच्या मंचावर गेला, याची तपासणी करणारे तेव्हाही असतीलच. पण काम अडत नव्हते.

तरीही एक गोष्ट बोलायला हवी. जिल्हा कौन्सिलची शाळा सगळ्यांची असते. ती चांगली चालावी म्हणून कर भरणाऱ्याला बोलता येते, सभागृहात प्रश्न विचारता येतो. संस्थेची शाळा संस्थेची असते. संस्थापक पंजाबरावांसारखा असला तर ती बहुजनांची होते, नसला तर संचालकांची. स्वातंत्र्यानंतर महाराष्ट्रात खासगी शिक्षणसंस्थांचे जे पीक आले, त्यात दुसरी जात जास्त निघाली. शिक्षक होण्यासाठी आपल्या पोरांनी घरे विकली, हे काय आम्ही सांगायला हवे? पगार सरकारचा, नेमणूक संस्थेची. फुल्यांनी आणि बाबासाहेबांनी ज्या तिजोरीवर बोट ठेवले होते, ती तिजोरी उघडली खरी, पण किल्ली भलत्याच कमरेला गेली. याचा दोष पंजाबरावांना देणे अन्यायाचे होईल. इंग्रजी अमदानीत शेतकऱ्यांपुढे दुसरा मार्ग फारसा नव्हता. पण त्यांचे नाव घेऊन संस्था चालवणारे त्यांच्या आयुष्यातला सोयीचा अर्धा भाग सांगतात. कर, सक्ती आणि विहीर हा भाग गाळतात. मग आपण तरी तो का गाळावा?

१९४६ ला ते संविधान सभेत गेले. शेतकऱ्यांसाठी, मागासवर्गीयांच्या नोकऱ्यांतील वाट्यासाठी ते तिथे बोलत राहिले, दुरुस्त्या सुचवत राहिले. बाबासाहेब मसुदा समितीच्या खुर्चीत आणि पंजाबराव समोरच्या बाकावर. अमरावतीच्या थिएटरापासून एकोणीस वर्षांचा प्रवास. सगळ्या बाबतीत ते बरोबर होते असे नाही. नागरिकत्वाच्या तरतुदीवर ऑगस्ट १९४९ मध्ये त्यांनी जी दुरुस्ती मांडली, ती हिंदू आणि शीख असण्याला वेगळे महत्त्व देणारी होती. ज्याने वसतिगृहाच्या पंगतीत जात विचारली नाही, त्याने देशाच्या दारात धर्म विचारावा हे आम्हाला पटत नाही. सभेने ती दुरुस्ती स्वीकारली नाही, हे बरे झाले. थोर माणसाचे चरित्र वाचताना ही पाने चिकटवून टाकायची सवय आपण मोडली पाहिजे.

१९५२, १९५७ आणि १९६२ अशा तीन निवडणुकांत अमरावतीने त्यांना लोकसभेत पाठवले. १९५२ पासून दहा वर्षे ते केंद्रात शेतीचे खाते पाहत होते. १९५५ साली त्यांनी भारत कृषक समाज काढला, १९५९-६० ला दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरवले. हा भाग प्रसिद्ध आहे, कृषिमहर्षी ही पदवी त्यातूनच आली, म्हणून त्यावर जास्त लिहीत नाही. १९५६ च्या ऑक्टोबरात नागपूरला धम्मदीक्षा झाली तेव्हा ते केंद्रात मंत्री होते. त्या डिसेंबरात बाबासाहेब गेले आणि दोन आठवड्यांत, २० तारखेला, गाडगेबाबा गेले. १९२७ साली वऱ्हाडात जे काही एकत्र येऊ पाहत होते, त्यातली दोन माणसे पंधरा दिवसांत संपली.

आमच्या तरुण मित्रांना एक सांगतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सरकारी आणि अनुदानित शाळांत व्यवस्थापन समिती ठेवली आहे. तिच्यात किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत, निम्म्या स्त्रिया असाव्यात आणि वंचित घटकांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा असावी, असे कायद्यातच लिहिले आहे. सरकारी शाळेचा विकास आराखडा करण्याचे आणि आलेल्या अनुदानाचा विनियोग पाहण्याचे काम तिचे. १९२८ च्या सभागृहात आपला माणूस शोधून सापडत नव्हता; आज जागा कायद्याने राखली आहे आणि बऱ्याच ठिकाणी सही कोण करते हेही आपल्याला ठाऊक नसते. जयंतीच्या वर्गणीला आपण घरोघर जातो. त्याच फेरीत प्रत्येक घरी एक प्रश्न विचारता येईल, की तुमच्या मुलाच्या शाळेची समिती शेवटची कधी बसली आणि तिथे आपल्यापैकी कोण होते. उत्तर मिळाले तर वहीत लिहून ठेवा.

भाऊसाहेब गेल्यानंतर १९६७ साली विमलाबाई राज्यसभेवर गेल्या. त्याच वर्षी विदर्भाला कृषी विद्यापीठ मिळावे म्हणून अकोल्यात आंदोलन पेटले, गोळीबार झाला, माणसे गेली. २० ऑक्टोबर १९६९ ला विद्यापीठ स्थापन झाले आणि त्याला पंजाबरावांचे नाव मिळाले. जुन्या शहरातून मोर्णेचा पूल ओलांडून रोज कितीतरी पोरे शिकायला पलीकडे जातात. त्यांतल्या एकाला परवा आम्ही पंजाबराव कोण म्हणून विचारले. तो म्हणाला, शेतीवाले. मग थोडा थांबून त्याने विचारले, ते आपल्या बाजूचे होते का?